धडा ऐकणारी आई



सकाळी सातच्या सुमारास जळगाव, भुसावळ किंवा अमळनेरच्या फलाटावर, नाहीतर धुळ्याच्या एस.टी. स्थानकावर उभे राहिले, की अप-डाउन करणाऱ्या भगिनींचा समुदाय दिसतो. कोणी शिक्षिका, कोणी परिचारिका, कोणी बँकेत, कोणी पंचायत समितीच्या कार्यालयात. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, आणि मन अजून घरच्या पलंगाजवळ, जेथे मूल झोपेत आहे. संध्याकाळी ती परत येईल तेव्हा त्या मुलाचा एक संपूर्ण दिवस उलटून गेलेला असेल. त्याच वेळी शिवाराकडे निघालेल्या टोळ्यांतून दुसरी एक आई चाललेली असते. दिवाळीच्या आगेमागे कपाशीची वेचणी सुरू होते आणि वेचणीची मजुरी किलोवर ठरते. मूल बांधावर झाडाला बांधलेल्या झोळीत. ते रडले म्हणून ओळ सोडून जावे, तर संध्याकाळी काट्यावर तेवढे वजन कमी भरते.

या दोन मातांची शिक्षणे वेगळी, घरे वेगळी, पण मनातला सल एकच. मूल मोठे होते आहे आणि ते पाहायला आपण तेथे नाही. पहिले पाऊल सासूबाईंनी पाहिले, पहिला शब्द पाळणाघरातल्या मावशींनी ऐकला. शाळेत काय शिकवले, ते पालकसभेत कळले. हा सल हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

समाजाकडून या आईला दोन उत्तरे मिळतात. एक म्हणते, नोकरी सोड, घर सांभाळ. दुसरे शहरी मासिकांतून आलेले. ते म्हणते, दिवसातला अर्धा तास 'क्वालिटी टाइम' म्हणून राखून ठेव, म्हणजे भागले. पहिले उत्तर देणाऱ्याला त्या घराचा जमाखर्च ठाऊक नसतो. आणि दुसरे देणाऱ्याला मूल ठाऊक नसते, कारण मूल वेळापत्रक पाहून प्रश्न विचारत नाही! या दोन्हींपेक्षा जवळचे आणि जुने एक उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. ते सर्वांच्या ओठांवर आहे, आणि म्हणूनच कदाचित नीट पाहिले गेलेले नाही.

बहिणाबाई चौधरी यांना आपण कवयित्री म्हणून ओळखतो. शाळेच्या पुस्तकातून त्यांची गाणी आपण शिकलो, आज आपली मुले शिकत आहेत. परंतु कवयित्री हा शब्द त्यांना त्यांच्या हयातीत जवळजवळ कोणी लावला नव्हता. गावाच्या लेखी त्या शेतात राबणारी, तीन लेकरांची, अकाली विधवा झालेली एक बाई होत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर कामकरी आई. आज त्यांच्याकडे आई म्हणूनच पाहू.

जन्म १८८० चा, जळगावलगतच्या असोदे गावी, महाजनांच्या घरात. वयाच्या तेराव्या वर्षी त्या जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्या घरी सून म्हणून आल्या. शाळेचे तोंड पाहिले नव्हते, अक्षरओळख नव्हती. तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरात ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुले. सोपानदेवांचा जन्म १९०७ चा. म्हणजे वडिलांचे छत्र हरपले तेव्हा ते साधारण तीन वर्षांचे होते. तीन वर्षांच्या मुलाला वडिलांचा चेहरा पुढे कितीसा आठवणार? त्याने जे काही पाहिले, ऐकले, ते आईच्या कामाच्या अवतीभवती.

ही कामे आजच्या पिढीला समजावून सांगावी लागतील. पहाटे उठून जात्यावर दळण, मग चूल, भाकरी, गुरांचे शेणपाणी, आणि दिवस वर यायच्या आत शेताची वाट. तेथे पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, उपणणी. प्रत्येक हंगामाचे काम वेगळे आणि प्रत्येक काम पाठ मोडणारे. मुलाशेजारी पुस्तक उघडून बसण्याची सवड त्यात कोठेच नव्हती, आणि असती तरी पुस्तक वाचता येत नव्हते. पण जाते फिरू लागले की ओवी सुरू होई. जात्याची घरघर आणि ओवीचा ताल एकमेकांना सांभाळून घेतात, हे ज्यांनी दळले आहे त्यांना सांगायला नको. अर्धवट झोपेतल्या मुलाच्या कानांवर भाषा पडत होती ती अशी. घरची लेवा पाटीदारांची बोली, तिचे हेल, तिच्या म्हणी, शेतातल्या वस्तूंची नावे, देवादिकांच्या कथा. कोणी शिकवत नव्हते. आई आपले काम करीत होती, आणि ते काम बोलके होते.

येथे एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. सोपानदेव जन्मले त्याच १९०७ साली जळगावात महाराष्ट्रातील पहिले कविसंमेलन भरले. धरणगावचे सतरा वर्षांचे त्र्यंबक बापूजी ठोमरे याच संमेलनात 'बालकवी' झाले आणि अवघ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले. ते योग्यच होते. पण त्याच गावात एक सत्तावीस वर्षांची आई पहाटे जात्यावर जे रचत होती, त्याची वार्ता मांडवापर्यंत पोचण्याचा काही मार्गच नव्हता. तो मार्ग पुढे तिच्या मुलाने तयार केला, आणि त्याची सुरुवात शाळेतल्या एका धड्यापासून झाली असे सांगतात.

सोपान शाळेत जाऊ लागला. एके दिवशी त्याने पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. आईने ती ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या कथेचे गाणे झाले होते. मुलगा चकित झाला. हे आपल्या पुस्तकातले नव्हे, आणि तरीही ते पुस्तकातलेच आहे, अशी काहीतरी त्याची अवस्था झाली असावी. तेव्हापासून तो आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागला.

एवढासाच हा प्रसंग. कवयित्रीची प्रतिभा दाखवण्यासाठी तो नेहमी सांगितला जातो. पण त्यातील आईचे वागणे पाहा. दिवसभर शेतात राबून आलेली बाई आहे. मुलाला वाचता येते, तिला येत नाही. ज्या वस्तूत आपले मूल आपल्यापुढे गेले आहे, तिच्यासमोर बहुतेक मोठी माणसे दोनच गोष्टी करतात. एक तर 'पुरे झाले, जेवायला बस' म्हणून विषय संपवतात, नाहीतर 'वा, हुशार आहे माझा बाळ' म्हणून पाठ थोपटतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. बहिणाबाईंनी तिसरीच गोष्ट केली. मुलाने आणलेली गोष्ट त्यांनी स्वतःसाठी घेतली. रात्रभर ती मनात ठेवली, पहाटे जात्यावर ती त्यांच्या ओठी आली आणि सकाळी मुलाला परत मिळाली, त्याच्या घरच्या भाषेत. आपण आणलेला धडा आईच्या उपयोगी पडला, हे त्या मुलाला उमगले. कोणत्याही बक्षिसाहून ही गोष्ट मोठी असते.

या साऱ्याला वेळ किती लागला असेल? धडा वाचायला पाच-दहा मिनिटे. बाकीचे सारे काम करता करता झाले.

कामावरून आलेल्या आईची खरी अडचण मिनिटांची नसतेच. ती घरात येते तेव्हा शरीर आलेले असते, पण कान अजून कार्यालयात असतात. मूल सांगत असते, 'आई, आज बाईंनी सांगितले की बेडूक कातडीनेही श्वास घेतो', आणि आई म्हणते, 'हो का? डबा संपवलास?' दोघेही खरे बोलत असतात. असे दोन-चार वेळा झाले की मूल सांगणे थांबवते, आणि मग दहावीच्या वर्षी आपण तक्रार करतो की हा घरात काही बोलतच नाही.

मात्र या कथेचे चुकीचे तात्पर्य काढू नये. बहिणाबाईंची निरक्षरता हे भूषण नव्हते. ते त्यांच्यावर लादले गेलेले दारिद्र्य होते. अक्षर येत असते तर त्यांची गाणी मुलाच्या सवडीवर अवलंबून राहिली नसती. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जेव्हा जमेल तेव्हा जमेल तेवढे टिपून ठेवले. जे टिपले नाही ते गेले. 'पूर्वीच्या बायका किती करायच्या, आणि तरी तक्रार नाही' असे म्हणून आजच्या मातांना गप्प करण्यासाठी बहिणाबाईंचे नाव वापरले जाते. तो त्यांच्यावर अन्याय आहे. तक्रार नव्हती असे नाही. ऐकणारे कोणी नव्हते.

मुलाने आईचे शब्द अक्षरांत आणण्याची दुसरी एक कथा खानदेशाशी जोडलेली आहे. ती धुळ्याच्या तुरुंगात येऊन पोचते. विनोबा भाव्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हते, आणि विनोबांनी आणून दिलेला मराठी अनुवाद त्यांना अवघड वाटला. तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या की मग तूच का करीत नाहीस. १९१८ मध्ये त्या गेल्या. आईची मागणी मुलाच्या मनात राहिली आणि १९३०-३१ च्या हिवाळ्यात 'गीताई' लिहून झाली. तिच्या नावातच आई आहे. पुढे १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असताना २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. आजही 'गीता प्रवचने' हा ग्रंथ घरोघरी आहे तो त्यामुळे.

रुक्मिणीबाईंनीही मुलाच्या विद्येकडे स्वतःच्या गरजेने पाहिले. तू शिकलास ना, मग मला उपयोगी पडेल असे काही कर. आपण मुलांना सांगतो, शीक म्हणजे मोठा होशील, नोकरी लागेल, पुण्याला जाशील. 'मला हे समजत नाही, तू समजावून सांग' असे किती माता-पिता म्हणतात? बँकेत दिवसभर संगणक हाताळणाऱ्या आईलाही मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकातले पुष्कळ ठाऊक नसते. ते कबूल करायला मात्र धैर्य लागते.

साने गुरुजींचा उल्लेख आलाच आहे, तर सभागृहातील पुरुषवर्गाशी थोडे बोलणे भाग आहे. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळत होते. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, आजारी मुलाची शुश्रूषा करीत. जी कामे आईची म्हणून ठरलेली, ती एका पुरुषाने केली आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिले. त्या पुस्तकाने तीन पिढ्या रडल्या. पण रडून झाल्यावर किती वडिलांनी उठून मुलाचा डबा भरला, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

बहिणाबाईंचे सुगरणीच्या खोप्यावरचे गाणे सर्वांना पाठ आहे. पिलांसाठी झाडाला घर टांगणारी ती इवलीशी पक्षीण. पक्ष्यांचे अभ्यासक मात्र सांगतात की तो खोपा विणण्याचे मुख्य काम नराचे असते. मादी येऊन पाहते, पसंत पडला तर आतले अस्तर नीट करते आणि मग संसार सुरू होतो. कवयित्रीने आपल्या भोवतीच्या जगात खोपा सावरणारी आईच पाहिली होती, म्हणून गाण्यातही तीच आली. पाखरांच्या जगात निदान या बाबतीत आपल्याहून बरी वाटणी दिसते!

हे हलकेच सांगितले, पण विषय गंभीर आहे. संध्याकाळी घरी आलेल्या आईचे कान मुलासाठी मोकळे व्हायचे असतील, तर भाकरीचा तवा काही काळ दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असावा लागतो. आजी-आजोबा घरात असतील तर ते भाग्य. परंतु नोकरीसाठी गाव सोडलेल्या कितीतरी कुटुंबांत ते नाहीत. तेथे पती हाच एकमेव आधार असतो. 'मी घरात मदत करतो' असे काही जण अभिमानाने सांगतात. स्वतःच्या घरात मदत कसली?

शासनाच्या पातळीवर काही घडले आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील बारा आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कायदा चांगला. पण कपाशीच्या ओळीत उभ्या असलेल्या आईला आस्थापना म्हणजे काय ते ठाऊक नाही. १९७५ मध्ये सुरू झालेली अंगणवाडी तिच्या वाट्याला आली आहे. तिचा दिवस काही तासांचा आणि वेचणीचा दिवस त्याहून कितीतरी मोठा. वेचणीच्या दोन-तीन महिन्यांत गावातील मंडळांनी, मंदिराच्या ओट्यावर का होईना, अशा मुलांसाठी दुपारची बैठक चालवावी. गोष्टी, गाणी, खेळ, मूठभर शेंगदाणे-गूळ. याला मोठे भांडवल लागत नाही. चार निवृत्त शिक्षक पुरेत, आणि निवृत्त शिक्षक नाहीत असे गाव खानदेशात शोधावेच लागेल.

आणखी एक गोष्ट भाषेची. धुळ्याकडे घरात अहिराणी, जळगावच्या पूर्वेकडे लेवा बोली. आई नोकरीला लागली, वसाहतीत राहायला आली, की पहिला बळी या बोलीचा जातो. मुलाने 'माय' म्हटले की 'मम्मी म्हण' अशी दुरुस्ती होते. आईचा हेतू वाईट नसतो. शाळेत मूल मागे पडू नये एवढीच तिची इच्छा. पण दमून आल्यावर तिच्या तोंडून जी भाषा सहज निघते, ती तर बोलीच. तिला अडवले की आईचे बोलणेच कमी होते. उरतात त्या सूचना, हात धू, अभ्यास कर, झोप. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून, घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आहे. आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये नाव मिळाले ते याच बोलीत गाणाऱ्या, शाळेत न गेलेल्या बाईचे. त्या विद्यापीठाची पदवी भिंतीवर लावायची आणि त्याखाली बसून मुलाला बोलीबद्दल टोकायचे, ही विसंगती आपल्याच घरात आहे.

पुन्हा त्या वहीकडे येऊ. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी आईची गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. ऐकताच अत्र्यांनी त्यांना बावनकशी सोने म्हटले आणि १९५२ मध्ये त्यांच्याच प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रकाशित झाली. ते पुस्तक आईने पाहिले नाही. सोपानदेव स्वतः तोवर नावाजलेले कवी होते. आईच्या रचना विद्वानांपुढे ठेवायला त्यांनी इतकी वर्षे का घेतली, हा विचार मनात येतोच. घरातली गोष्ट घरातच राहते. तिची किंमत बाहेरच्याने सांगावी लागते.

धुळ्यात नानासाहेब देवांनी समर्थ संप्रदायाची जुनी बाडे गावोगाव हिंडून मिळवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आजही जपलेली आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने १९२७ मध्ये तेथेच संशोधन मंडळ उभे राहिले. कागद जपणारे हे गाव आहे. जात्यावरच्या ओव्यांना कागदच नव्हता, त्यांचे बाड कोण शोधणार? जाती आता परसात पालथी पडली आहेत. पण आखाजीला झोक्यावर म्हटलेली, कानबाईच्या रात्री जागवलेली गाणी ज्यांना पाठ आहेत अशा आज्या खानदेशात अजून आहेत. त्यांनी आयुष्यभर शेतात काम केले आहे, आणि त्यांच्या नातवंडांच्या हातात आज आवाज टिपणारा फोन आहे. बहुतेक घरांत तो फोन दुपारी रिकामा असतो आणि आजीही. नातवाने तिच्याजवळ बसावे, बटण दाबावे, आणि पहिली ओळ नीट कळली नाही तर म्हणावे, 'आजी, पुन्हा म्हण.'